सिनरची तीन महिन्यांची बंदी आणि त्यानंतरचे विजय: आपण कसे पाहावे?

गिरणाकाठ (चाळीसगाव) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी तालुका क्रीडा संकुलातल्या सिमेंटच्या कोर्टवर काही मुलामुलींचा टेनिसचा सराव घेतो. २०२५ च्या हंगामातले चारही ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा, या मुलांनी मन लावून पाहिल्या. इटलीचा यानिक सिनर आणि स्पेनचा कार्लोस अल्काराझ यांचा ८ जूनचा पॅरिसमधला अंतिम सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर संपला, तरी कोणी झोपले नाही. चौथ्या सेटमध्ये ३-५ अशा पिछाडीवर असताना, स्वतःच्या सर्व्हिसवर ०-४० असे असताना, अल्काराझने तिन्ही चॅम्पियनशिप पॉइंट (एकही गेला असता तर सिनर विजेता ठरला असता) वाचवले आणि ५ तास २९ मिनिटांनी सामना जिंकला. पुढच्याच महिन्यात विम्बल्डनला सिनरने त्याला चार सेटमध्ये हरवले, आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला अल्काराझने पुन्हा बाजी मारली.

विम्बल्डननंतर एका मुलाने विचारले, "सर, सिनर पहिल्या क्रमांकाचा खेळाडू नसता तर तो सुटला असता का?" मी वर्तमानपत्रात वाचले होते तेवढे सांगितले, पण त्याचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. मार्च २०२४ मध्ये त्याच्या दोन चाचण्यांत क्लोस्टेबोल हे बंदी असलेले द्रव्य सापडले, ऑगस्टमध्ये स्वतंत्र न्यायाधिकरणाने त्याला निर्दोष ठरवले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेशी, म्हणजे वाडाशी, समझोता होऊन त्याने तीन महिन्यांची बंदी स्वीकारली. दोष नव्हता तर बंदी कशासाठी, आणि दोष होता तर ती इतकी थोडी का? शिवाय ९ फेब्रुवारी ते ४ मे हा काळ असा आला की त्याचा एकही ग्रँड स्लॅम बुडाला नाही. मुलांना प्रामाणिकपणे काय सांगावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

औषधवाला (भुसावळ)

सर, औषधाच्या बाजूने मला जे ठाऊक आहे ते मांडतो, कारण या प्रकरणातला निम्मा गोंधळ औषध नेमके काय आहे हे न समजल्यामुळे झालेला आहे.

क्लोस्टेबोल हे टेस्टोस्टेरॉनच्या जातीचे स्टेरॉइड आहे. इटलीत ते जखम लवकर भरण्यासाठी मलम आणि स्प्रेच्या रूपात मिळते. सिनरच्या फिजिओथेरपिस्टचे बोट कापले होते; त्यावर त्याने सिनरच्या मदतनीस संघातल्याच तंदुरुस्ती प्रशिक्षकाने दिलेला हा स्प्रे वापरला आणि हातमोजे न घालता सिनरला मालिश केले. सिनरच्या त्वचेवर स्वतःच्या जखमा आणि चट्टे होते, त्यातून द्रव्य शरीरात गेले. न्यायाधिकरणापुढे आलेल्या तज्ज्ञांना हा खुलासा शक्य कोटीतला वाटला आणि वाडानेही तो नाकारला नाही. सापडलेले प्रमाण इतके सूक्ष्म होते की त्याने ताकद वाढण्याचा प्रश्नच येत नाही.

तरीही मला त्या संघाचा राग येतो. इटलीत अशा औषधांच्या खोक्यावर खेळाडूंसाठी इशाऱ्याचे चिन्ह छापणे कायद्याने बंधनकारक आहे. जगातल्या पहिल्या क्रमांकाकडे वाटचाल करणाऱ्या खेळाडूच्या सामानात अशी वस्तू येते आणि ती आणणारा माणूस औषधांचा अभ्यास केलेला असतो, ही ढिलाई साधी नाही. सिनरने त्या दोघांना ऑगस्ट २०२४ मध्ये कामावरून दूर केले, पण स्प्रे देणाऱ्या प्रशिक्षकाला जुलै २०२५ मध्ये परत घेतले. हा निर्णय मला आजही पटलेला नाही.

पोलंडची अव्वल खेळाडू इगा श्वियाँतेक हिचे प्रकरणही याच वेळचे आहे. तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन सापडले. हृदयरोगाच्या रुग्णांना छातीत कळ येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या या गोळीची पाकिटे आमच्या दुकानातून रोज जातात. तिने ती घेतली नव्हती. पोलंडमध्ये बनलेल्या झोपेसाठीच्या मेलाटोनिनच्या गोळीत ती मिसळली गेली होती, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. कारखान्यात एकाच यंत्रावर वेगवेगळी औषधे बनत असली आणि सफाई कमी पडली, तर असे घडू शकते.

पांझराकाठचा वकील (धुळे)

वरील माहिती योग्य आहे. मी फक्त प्रक्रियेबद्दल लिहितो, कारण "दोष नव्हता तर बंदी कशासाठी" या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे.

उत्तेजकविरोधी नियमांत द्रव्य शरीरात सापडले की उल्लंघन झालेच, असे गृहीत असते; हेतू काय होता हा प्रश्न शिक्षा ठरवताना येतो. आपल्या फौजदारी कायद्याच्या सवयीने पाहिले तर हे विचित्र वाटते, पण याशिवाय हे नियम चालूच शकत नाहीत. न्यायाधिकरणाने "दोष नाही, हलगर्जीही नाही" असे म्हटले, म्हणून बंदी नव्हती. फक्त अमेरिकेतल्या इंडियन वेल्स स्पर्धेचे क्रमवारीतले ४०० गुण आणि बक्षिसाची रक्कम गेली. वाडाचे म्हणणे असे होते की खेळाडू आपल्या माणसांच्या चुकीलाही जबाबदार असतो, त्यामुळे "हलगर्जी नाही" हा निष्कर्ष टिकत नाही. त्यांनी लोझानच्या क्रीडा लवादाकडे एक ते दोन वर्षांची बंदी मागितली आणि सुनावणीआधीच तीन महिन्यांवर तडजोड झाली. मला विचाराल तर वाडाची मूळ भूमिका बरोबर होती आणि तडजोड चुकीची होती. लवादाने निकाल दिला असता तर पुढच्या खेळाडूंना दाखला मिळाला असता. तडजोडीने प्रकरण मिटले, नियम मात्र संदिग्धच राहिला.

गुप्ततेबद्दलही लोकांचा आक्षेप आहे. तात्पुरती बंदी लागल्यावर दहा दिवसांच्या आत खेळाडूने तिला आव्हान दिले आणि ती उठली, तर ती जाहीर करत नाहीत. सिनरची अशी बंदी एप्रिल २०२४ मध्ये दोनदा लागली आणि दोन्ही वेळा काही दिवसांतच उठली. श्वियाँतेकची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागून उठली. त्या काळात ती स्पर्धांना का आली नाही याचे कारण "वैयक्तिक" असे सांगितले गेले. दोन्ही प्रकरणांत नियम पाळला गेला. तो नियम प्रेक्षकांना अंधारात ठेवतो, ही तक्रार मात्र रास्त आहे.

नंदुरबारची प्रेक्षक

वकील साहेबांनी लिहिलेले सर्व मान्य करूनही मला वाटते की सरांच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. त्याने विचारले आहे की दुसरा कोणी असता तर काय झाले असते. दुसरी एक होती. ब्रिटनची दुहेरीतली खेळाडू तारा मूर हिच्या नमुन्यात २०२२ मध्ये बोगोटा येथील स्पर्धेत बंदी असलेली द्रव्ये सापडली. दूषित मांसातून ती आली, असे तिचे म्हणणे होते. स्वतंत्र न्यायाधिकरणाने ते मान्य केले, पण त्याला डिसेंबर २०२३ उजाडला. तोपर्यंत जवळपास १९ महिने ती खेळू शकली नव्हती. त्यावरही अपील झाले आणि जुलै २०२५ मध्ये लवादाने तिला चार वर्षांची बंदी ठोठावली. निकालाची बाजू कोणाची बरोबर, यात मी जात नाही. सिनरला काही दिवसांत जे म्हणणे मांडता आले, ते मांडायला तिला दीड वर्ष लागले, एवढेच मला दिसते.

पांझराकाठचा वकील (धुळे)

ताई, वेळेचा फरक खरा आहे, पण तो पूर्णपणे पैशाचा नाही. सिमोना हालेप माजी अव्वल खेळाडू होती आणि वकिलांची तिला वानवा नव्हती. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये तात्पुरती बंदी, पुढच्या सप्टेंबरमध्ये चार वर्षांची शिक्षा आणि मार्च २०२४ मध्ये लवादाने ती नऊ महिन्यांवर आणणे, असा तिचा प्रवास झाला. तिच्या रक्ताच्या नोंदींचा दुसरा आरोपही सोबत होता, म्हणून ते लांबले. मूळ फरक असा की सिनरला द्रव्याचे नाव कळताच ते कुठून आले हे ओळखता आले, कारण तो स्प्रे संघातच होता. ज्याला उगम शोधावा लागतो त्याला प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि महिने लागतात.

नंदुरबारची प्रेक्षक

म्हणजे माझाच मुद्दा दुसऱ्या बाजूने सिद्ध होतो. उगम शोधायला महिने लागतात, तर ते महिने पोसण्याची ताकद कोणाकडे असते? १५ हजार डॉलर एकूण बक्षिसाच्या स्पर्धा खेळत फिरणाऱ्या आपल्या मुलांकडे नक्कीच नसते. मार्च २०२५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने न्यूयॉर्कमध्ये जो दावा दाखल केला, त्यात अशा प्रकरणांची चौकशी करणाऱ्या टेनिसच्या यंत्रणेलाही प्रतिवादी केले होते, ते उगाच नाही. ग्रँड स्लॅमच्या उत्पन्नातून अशा खेळाडूंच्या तपासणीचा आणि तज्ज्ञांचा खर्च भागवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सर, सिनरचे विजय खरे आहेत असे त्या मुलाला जरूर सांगा. विम्बल्डनला त्याने जे खेळून दाखवले ते कोणत्या स्प्रेने येत नाही. पण त्याचा संशयही खोडून काढू नका.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दोघांचेही म्हणणे मी मुलांपुढे मांडतो आणि मत त्यांनाच बनवू देतो. औषधवाले दादा, एक शंका उरली: आमच्या दोन मुली यंदा राज्य स्तरावर खेळतील, आणि थंडीत सर्दी झाली की घरचे दुकानातून गोळी आणून देतात. त्यात काही धोका आहे का?

औषधवाला (भुसावळ)

आहे, सर. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. स्पर्धेच्या काळात लघवीत ते ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आढळले तर उल्लंघन ठरते, म्हणून स्पर्धेच्या किमान २४ तास आधी ते बंद करायला सांगतात. प्रेडनिसोलोनसारखी तोंडाने घेण्याची स्टेरॉइडेही स्पर्धाकाळात चालत नाहीत. दम्यासाठी डॉक्टरांनी दिली असतील तर आधी वैद्यकीय सवलतीचा अर्ज करावा लागतो. राष्ट्रीय संस्थेचे, म्हणजे नाडाचे, औषध तपासण्याचे मोबाइल अॅप आहे; घटकाचे नाव टाकले की तो बंदीच्या यादीत आहे का ते कळते. पालकांना एवढेच सांगा की ब्रँडचे नाव न पाहता पाकिटामागे बारीक अक्षरांत छापलेले घटक वाचायचे आणि दुकानदाराला मूल स्पर्धा खेळते हे आधी सांगायचे.