बागेतल्या गांधीलमाश्या: तुम्ही काय करता?

पाऊस उघडला की छाटणी निघते, आणि नेमकी तेव्हाच मेंदीच्या कुंपणात नि बोगनवेलीत पोळी भरात असतात. कोण काय करतं ते लिहा. नुसतं ‘जाळा’ लिहू नका. माप, वेळ आणि कुठे चुकतं ते हवं.

पुणे, गच्चीबाग
कात्री लावण्याआधी लांब काठीने झुडूप हलकेच हलवा आणि पाच मिनिटं लांबून बघा. माश्या एकाच वाटेने ये-जा करत असतील तर त्या वाटेच्या टोकाला पोळं आहे. पानामागे, एका बारीक देठावर उलटं टांगलेलं, राखाडी कागदासारखं, घरं उघडी दिसणारं पोळं म्हणजे साधी गांधीलमाशी. ती अळ्या वेचून पिल्लांना भरवते, म्हणजे टोमॅटो-वांग्यांवर फुकटची राखण. पोळं वाटीपेक्षा लहान आणि माणसांच्या वावरापासून लांब असेल तर राहू द्या. पाच-सहा घरांचंच असेल तर माशी उडून गेलेली बघून भर दुपारी काठीने पाडा, विषय संपला.

नाशिक, परसबाग
नळाजवळ, जिन्यावर पोळं असेल तर काढावंच लागतं. 1 लिटर पाण्यात 2 मोठे चमचे भांडी घासायचं लिक्विड. पंपात आधी पाणी, मग साबण, आणि हलवू नका; फेस झाला की नोझल थुंकतं, धार तुटते. नोझल तुषारावर नको, धारेवर ठेवा. साबणामुळे पाणी माशीच्या श्वसनछिद्रांत शिरतं, पंख चिकटतात. साध्या पाण्याने त्या फक्त चिडतात.

पूर्ण अंधार पडल्यावर जा, तेव्हा सगळ्या पोळ्यावर असतात. टॉर्चला लाल जिलेटीन लावा आणि तो हातात न धरता बाजूला ठेवा, कारण उडालेली माशी उजेडाकडे जाते. दीड-दोन मीटरवरून, पोळ्याच्या बरोबर खाली न थांबता तिरकं उभं राहून, सगळं पोळं भिजेपर्यंत धार सोडा. स्टुलावर किंवा शिडीवर चढून हे करू नका. माशी अंगावर आली की माणूस उडी मारतो आणि नांगीपेक्षा मोठी इजा होते.

सकाळी पोळं पिशवीत घाला, देठाची खूण पत्र्याने खरवडून धुवा. झाडावरचा साबणही धुवा, एवढ्या मात्रेने पानं करपतात. बाहेर राहिलेल्या दोन-चार माश्या एक-दोन दिवस तिथे घिरट्या घालतात; त्यांना चिरडू नका, चिरडलेल्या माशीच्या वासाने इतर चवताळतात.

कुडाळ, आंबा-काजूची बाग
वरचं सगळं लहान माशीपुरतं. काळी, पोटावर रुंद नारिंगी-पिवळा पट्टा असलेली मोठी माशी निराळी. ती लहान गांधीलमाश्यांची पोळी लुटते, सातेरी मधमाश्यांच्या पेट्यांवरही घिरट्या घालते. घर ढोलीत, जमिनीत, नाहीतर फांदीवर कागदी फुग्यासारखं. आत किती आहेत ते बाहेरून कळत नाही. तिथे साबण नको, हिंमत तर अजिबात नको. माहितगाराला बोलवा आणि तोवर ब्रशकटर लांब ठेवा, त्याच्या हादऱ्यानेच त्या बाहेर पडतात. पलिते पेटवणाऱ्यांना एकच सांगणं: काजूचा पालापाचोळा आणि शेडनेट पेटायला वेळ लागत नाही. पडलेली फळं रोज सकाळी उचला, अर्धी वर्दळ तिथेच थांबते.

सातारा
चिखलाचं घर बांधणाऱ्या कुंभारीण माशीला मारू नका हो! ते घर फोडून बघा, आत लुळे पडलेले कोळी नाहीतर हिरव्या अळ्या रचलेल्या असतात, पिल्लांसाठी. चावायला ती येत नाही. त्रास एवढाच की पाइपाचं आणि पंपाच्या नळीचं तोंड चिखलाने बुजवते. वापर नसताना तोंडाला जाळीचा तुकडा रबरबँडने बांधा.

न्यू जर्सी
इकडची यलोजॅकेट, म्हणजे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची गांधीलमाशी, जमिनीतल्या बिळात राहते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वांत जास्त. लोक बिळावर दगड ठेवतात. त्या दुसरीकडून वाट काढतात. पेट्रोल तर मातीही नासवतं. कीटकनाशकाची भुकटी रात्री बिळाच्या तोंडाशी टाकली की पायांना लागून आत जाते. वाटेत नसेल तर भोवती दोरी लावून थांबा. कडक थंडीत कामकरी मरतात, जुनं घर पुन्हा वापरत नाहीत.

दवाखान्यातला अनुभव असलेली बागकामवाली
चावल्यावर आधी तिथून लांब व्हा, अंगठ्या-बांगड्या काढा, साबणाने धुवा, फडक्यातून 10 मिनिटं बर्फ. चुना, शेण नको. गांधीलमाशीची नांगी आत राहत नाही, ती पुन्हा पुन्हा डंख मारते. काळा काटा दिसला तर ती मधमाशी. नखाने लगेच खरवडा. ओठ-जीभ सुजणं, धाप, चक्कर, उलटी, अंगभर गांधी: गोळी घेऊन वाट बघू नका, अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. खूप डंख असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा. पुढचे दोन-तीन दिवस लघवी कमी किंवा चहासारखी झाली तर मूत्रपिंडाला मार बसतोय, तसंच परत जा.

पुणे, गच्चीबाग
एक राहिलं: पालथ्या कुंड्या उचलण्याआधी तळाच्या भोकावर काठीने टकटक करा.