परदेशातल्या सुट्टीत जे घडलं आणि घरी सांगितलं नाही

यंदा चवथीला माझी भाची घरी आली होती. जूनमध्ये ती एकटी इस्तंबूलला जाऊन आली, आठ दिवस. सगळ्यांनी तिचे फोटो बघितले, निळी मशीद, बोट, चहाचे ते कंबरेत बारीक असलेले ग्लास, आणि सगळे म्हणाले काय मजा केली गो तू. रात्री आरत्या वगैरे आटपल्यावर गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली आम्ही दोघीच नेवऱ्या (करंज्या) डब्यात भरत बसलेलो तेव्हा ती म्हणाली, मावशी, आठातले चार दिवस मी रूमच्या बाहेरच पडले नाही. मी म्हटलं आजारी पडलेलीस? ती गप्प बसली आणि मग रडायलाच लागली.

आईला सांगितलं तर आई पुढच्या वेळी जाऊ देणार नाही आणि बाबा म्हणतील कोणी सांगितलेलं एकटीनं जायला, म्हणून तीन महिने ती कोणाला काही बोलली नव्हती. त्या रात्री मला झोप आली नाही. कारण १९९९ साली माझ्याही बाबतीत सिंगापूरला एक प्रकार झाला होता आणि तो मी अजून नवऱ्याला सांगितलेला नाही.

आपण गोव्यातल्या बायका टुरिस्ट बघतच मोठ्या झालो. कोण पैसे उडवणार, कोण फसणार, कोणाला गाडी भाड्याने दिली तर परत येणार नाही हे आपल्याला लांबून कळतं. पण आपणच बॅग ओढत दुसऱ्याच्या गावात उतरलो की तिथल्या कोणाच्या तरी नजरेला आपणही तशाच दिसतो, हे मला खूप उशिरा कळलं. म्हणून ओळखीच्या बायकांना विचारलं, लिहा. काय झालं, कुठे झालं, तुम्ही काय केलं, काय करायला हवं होतं असं आता वाटतं. छेडछाड असो, फसवणूक असो, नुसता अपेक्षाभंग असो. आणि एक अट घातली. काय कपडे होते आणि एकटी का गेलीस, हे दोन प्रश्न कोणी कोणाला विचारायचे नाहीत.

म्हापसा, वय ४४

आम्ही कैरोला गेलेलो, मी आणि घरकार, म्हणजे नवरा. गिझाच्या पिरॅमिडकडे एका उंटवाल्याने फुकट फोटो काढतो म्हणून मला उंटावर बसवलं आणि उंट उठला. उंट उठला की आपण किती वर जातो ते बसल्याशिवाय कळत नाही. मग तो लगाम धरून चालायलाच लागला, घरकार मागे धावतोय, आणि खाली उतरवायचे पैसे वेगळे. पैसे दिले, ते जाऊ दे. पण उतरवताना त्याने जिथे हात लावला तो अजून आठवतो, आणि घरकाराला वाटतं मी पैशांसाठी रडत होते.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं आता मेट्रोने जाऊया. तिथे गाडीच्या मधले डबे बायकांचे असतात. घरकार बाजूच्या डब्यात, मी बायकांत. एका कॉलेजच्या मुलीने जागा दिली, इंग्लिश बोलणारी. तिला मी आदल्या दिवशीचं सांगितलं, का कोण जाणे, नवऱ्याला नाही आणि तिला सांगितलं. ती म्हणाली २०१४ साली आमच्याकडे याच्यावर कायदा झाला, तुरुंग होतो, पण तक्रार करायला बाई पुढे यायला पाहिजे ना. मला आपली म्हापशाची बस आठवली, कॉलेजात असताना ओढणीला लावलेली सेफ्टी पिन आठवली. शेवटी त्या मुलीने मला मिठी मारली. इजिप्त म्हटलं की मला आता पिरॅमिड नाही, तो डबा आठवतो.

फोंडा, वय ६१, निवृत्त शिक्षिका

माझा अनुभव परक्या देशाचा म्हणावा की आपल्या माणसांचा, तुम्हीच ठरवा. मिस्टर गेल्यानंतर दोन वर्षांनी मुलांनी मला युरोपच्या ग्रुप टूरला पाठवलं. सगळे मराठी, जेवायला आमटी-भात, मुलांना वाटलं आई सुरक्षित. मलाही वाटलं. आमच्यात एक गृहस्थ होते, माझ्याच वयाचे, बायको गुडघ्यांमुळे आली नाही म्हणायचे. पहिल्या दिवशी बॅग उचलून दिली, दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारी, तिसऱ्या दिवशी पण माझ्याच शेजारी. मी पर्स ठेवली सीटवर तर पर्स उचलून मांडीवर घेऊन बसले. बोलायचे पण काय, तुम्ही एकट्या, मी पण एकटाच म्हणायचा, आता कोणाला हिशोब द्यायचा आहे. मी खिडकीबाहेर बघत बसायची. आयुष्यभराचे पैसे साठवून आल्प्स बघायला गेले आणि आल्प्स बघायचे म्हणजे त्या माणसाकडे पाठ करायची, असं झालं होतं.

टिटलिस डोंगरावर जाताना गोल फिरणारी केबल कार आहे, फिरत फिरत वर जाते, सगळे चिकटून उभे, बाहेर बर्फ आणि सगळ्यांचे मोबाईल काचेला. तिथे त्याने मागून जे केलं ते मी या वयात लिहू शकत नाही, पण धक्का लागणं आणि ते यातला फरक प्रत्येक बाईला कळतो. वर ३००० मीटरवर उतरलो, सगळे बर्फात नाचायला लागले, मी एका बाकावर बसून राहिले. माझे हात थंडीने थरथरत नव्हते.

संध्याकाळी टूर मॅनेजरला सांगितलं. मुलगा होता सव्वीस-सत्तावीसचा, माझ्या विद्यार्थ्यासारखा. तो म्हणाला काकू, ते जरा मस्करी करतात, मनावर घेऊ नका, अजून पाच दिवस एकत्र काढायचे आहेत. मनावर घेऊ नका! मी पस्तीस वर्षं वर्गात मुलांना सांगितलं की चूक झाली तर हात वर करून सांगा, आणि मी हात वर केला तर मला खाली करायला सांगितलं.

मग मी एक केलं. रात्री जेवायच्या टेबलावर बायकांच्या घोळक्यात उभी राहून मोठ्याने सांगितलं, उद्यापासून माझ्या शेजारी तुमच्यातली कोणीतरी बसा, मला अमुक माणसाचा त्रास होतो. क्षणभर चमचे थांबले. आणि मग एकेक करून तिघी म्हणाल्या, आम्हाला पण! एका नव्या लग्न झालेल्या पोरीला पण, आणि तिचा नवरा बरोबर असताना. त्या रात्रीपासून आम्ही चौघी एकत्र. शेवटचे पाच दिवस चांगले गेले असं मी म्हणणार नाही, पण गेले. परत आल्यावर टूरवाल्यांना पत्र लिहिलं, उत्तर आलं ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’.

मडगाव, वकिली करते

फोंड्याच्या बाईंसाठी लिहिते, आणि सगळ्यांनीच लक्षात ठेवा. गुन्हा परदेशात घडला म्हणून आपले हात बांधलेले नसतात. करणारा भारताचा नागरिक असेल तर इथल्या पोलिसांत तक्रार देता येते. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १८८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २०८. खटला चालवायला केंद्र सरकारची परवानगी लागते, तपास सुरू करायला लागत नाही. चौघींचं म्हणणं एकच असेल तर ती मोठी गोष्ट आहे. बाई, तुम्ही ते पत्र आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा, मी फुकट बघून देते.

साखळी, वय २९

माझं त्यामानाने काहीच नाही पण लिहिते. हनिमूनला बाली. ते स्वर्गाचं दार म्हणून फोटो येतात ना, दोन दगडी खांब, मध्ये ज्वालामुखी आणि खाली पाण्यात प्रतिबिंब, ते लेंपुयांग देवळातलं. पहाटे तीनला उठून गेलो, टोकन घेतलं, चार तास बसलो. आणि बघते तर पाणी नाहीच! फोटो काढणारा माणूस मोबाईलखाली आरसा धरतो, त्यात ते तळं दिसतं. कोरडी फरशी आहे हो तिथे. ढगामुळे ज्वालामुखी पण दिसला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर नवरा म्हणाला, घे, हे खरं पाणी.

पण खरं वाईट दुसऱ्या देवळात वाटलं. बाहेर पाटी, पाळी असेल तर आत येऊ नये. माझी होती. सात समुद्र ओलांडून आले आणि दारात तीच पाटी, माझ्या सासूच्या देवघराची. नवरा आत गेला. मी चपलांपाशी बसले. तो एकटा का गेला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

वास्को

मस्कतहून येताना विमानात. रात्रीची फ्लाईट, दिवे बंद, मी मधल्या सीटवर, शेजारच्याचा हात झोपेत आल्यासारखा आला. मी काढला. परत आला. तिसऱ्यांदा मी बेल दाबली. एअर होस्टेस चांगली होती पण तिने उठवलं मला, सीट बदलली माझी, तो दोन सीटवर पसरून झोपला. उतरताना विचारलं, लेखी देणार का, मी म्हटलं नको, बाहेर भाऊ थांबलाय.

नंतर वाचलं की आपल्याकडच्या नियमात असा स्पर्श दुसऱ्या पातळीचा गैरप्रकार धरतात, कंपनीच्या समितीने ठरवलं तर सहा महिन्यांपर्यंत विमानबंदी होऊ शकते, आणि त्या समितीवर निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात. मला हे तेव्हा माहीत असतं तर भावाला अर्धा तास थांबवलं असतं. देणार का विचारलं तर द्या. प्लीज द्या.

डिचोली

बँकॉक, तिघी मैत्रिणी. राजवाड्याच्या गेटबाहेर टापटीप कपड्यातला माणूस म्हणाला, आज बंद आहे, पूजा आहे, या टुकटुकने दुसरी देवळं बघा, फक्त २० बाथ. आम्ही पण कशा, पूजा आहे म्हटल्यावर लगेच विश्वास. देऊळ एक, दागिन्यांची दुकानं तीन. तिसऱ्या दुकानात दार लावून घेतलं तेव्हा मात्र आमची हवा गेली. एकीने फोन काढून ११५५ लावला, टुरिस्ट पोलिसांचा नंबर आहे तो, नुसता नंबर मोठ्याने वाचला तसं दार उघडलं. राजवाडा उघडाच होता. आता कुठेही गेलं तरी बंद आहे म्हणणाऱ्याला मी म्हणते बरं, आणि तिकीट खिडकीपर्यंत स्वतः जाऊन बघते.

पणजी, वय ३३

माझे आजोबा पोर्तुगीज शिकलेले, १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर पण पेपर पोर्तुगीजच वाचायचे, लिस्बन त्यांनी कधी बघितलं नाही. म्हणून मी गेले, त्यांच्यासाठी. तिथल्या बेलें भागातल्या मठात वास्को द गामाची समाधी आहे, पांढऱ्या दगडाची, लोक रांगेने फोटो काढत होते. मला काहीतरी वाटेल असं वाटलेलं. काही वाटलं नाही. गर्दीत उभं राहून आजोबांची आठवण काढायचा प्रयत्न केला आणि तीही आली नाही.

त्याच दिवशी २८ नंबरच्या ट्राममध्ये पाकीट गेलं, पासपोर्टसकट. दोन बायका होत्या, एक पडल्यासारखं करून माझ्यावर रेलली. पोलिसांनी नीट रिपोर्ट लिहून दिला, त्याच्यावर आपल्या दूतावासात इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, त्याने फक्त घरी येता येतं, एकदाच. पासपोर्टची झेरॉक्स मेलमध्ये ठेवलेली म्हणून वाचले. पोर्तो शहरासाठी ठेवलेले माझे तीन दिवस वाया गेले. पण पोलीस चौकीत माझ्या गावाचं पोर्तुगीज नाव वाचून एक म्हातारा शिपाई उठला, पाणी आणून दिलं आणि म्हणाला, ‘गोआ’, आणि छातीवर हात ठेवला. तेव्हा आजोबा आठवले.

कळंगुट, घरच्या खोल्या भाड्याने देते

मी परदेशात कधी गेलेली नाही. पण सगळ्यांचं वाचून मला राहवत नाही. माझ्याकडे वीस वर्षं परदेशी बायका राहतात. त्या सकाळी किनाऱ्यावर जातात आणि अकराच्या आत परत येतात, पहिल्यांदा मला वाटायचं ऊन लागतं म्हणून. ऊन नाही गो. आठ-दहा पोरगे येतात, मॅडम वन सेल्फी, आणि खांद्यावर हात. पाठीमागून मोबाईल. एकदा एक रशियन मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची, ओल्या टॉवेलात धावत आली आणि न्हाणीत जाऊन कडी लावून बसली, दुपारी पेज दिली ती पण घेतली नाही. तिसऱ्या दिवशी तिकीट बदलून गेली. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या पर्यटन खात्याने पण पत्रक काढलं, विचारल्याशिवाय दुसऱ्या टुरिस्टचे फोटो काढू नका म्हणून. काढावं लागलं ना?

ती मुलगी तिच्या गावात जाऊन हेच सांगत असेल, गोव्यात काय झालं ते. आणि तिला पण कोणीतरी विचारत असेल, एकटी का गेलीस. त्या दिवसापासून मी नव्या पाहुणीला माझा नंबर चिठ्ठीवर लिहून देते आणि कोणत्या शॅकवर बसायचं ते सांगते, तिथला पोरगा नजर ठेवतो.

भाची

मावशीने माझ्यावरून सुरू केलं तर मीच लिहायला पाहिजे.

सुलतानअहमद भागात गालिच्याच्या दुकानातला माणूस, इंडिया? म्हणून एका हीरोचं नाव घेऊन हसला, चहा दिला. मी गालिचा घेणार नाही आधीच सांगितलेलं. मी उठले तर तो बरोबर चालायला लागला. ट्राममध्ये पण चढला. हॉटेलच्या दारापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी समोर उभा, फुलं घेऊन, चिडलेला, काल तू माझा चहा प्यायलीस म्हणत होता. रिसेप्शनला सांगितलं तर तो मुलगा म्हणाला तुमचा मित्र आहे वाटलं. मग मी चार दिवस रूममध्ये. पहिल्या दिवशी काढलेले फोटो रोज दोन-दोन टाकत होते, म्हणजे घरी कळू नये.

सहाव्या दिवशी म्हटलं मरू दे, बॉस्फरस तरी बघते. एमिनोनूहून उस्कुदारची फेरी पकडली. तो दिसला नव्हता, पण बोट सुटल्यावर बाकावर येऊन बसला. हात धरला. माझा आवाजच फुटेना, इंग्लिश पण नाही, मराठी पण नाही. समोर एक आजी होती, डोक्याला रुमाल, मांडीवर भाजीची पिशवी. ती उठली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि ओरडली, ‘आयिप!’ परत, ‘आयिप!’ सगळी बोट बघायला लागली. दोन माणसं आली, त्याला दुसऱ्या टोकाला घेऊन गेली. आजी माझ्या शेजारी बसली आणि पिशवीतून एक काकडी काढून मला दिली.

आयिप म्हणजे लाज, मी नंतर शोधलं. ती त्याला म्हणत होती. इतके दिवस मला वाटत होतं ती माझी आहे.

आईला काल रात्री सांगितलं.