पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत आठवडाभर तोफा चालल्या, तरी काटेरी तारा का तुटल्या नाहीत?

खंदकवाचक: २४ जून १९१६ पासून ब्रिटिशांनी सोमवर जर्मन फळीवर सुमारे १५ लाख गोळे टाकले. तरीही १ जुलैला बऱ्याच ठिकाणी तारा जशाच्या तशा होत्या आणि एका दिवसात ५७,००० हून जास्त सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. गोळे कमी पडले की चुकीचे वापरले?

तोफची: दोन्ही. तारा तोडण्याचं मुख्य काम १८ पौंडी तोफेच्या श्रॅपनेलवर सोपवलं होतं. या गोळ्यात सुमारे ३७५ शिशाचे छर्रे असतात आणि तळाशी थोडी दारू. हवेत फुटला की छर्रे शंकूच्या आकारात पुढे सुटतात. तार तुटायची तर गोळा तारेच्या किंचित अलीकडे आणि जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर फुटायला हवा. उंच फुटला तर छर्रे विखुरतात, खाली गेला तर चिखलात रुततात.

गोळा कधी फुटणार हे ठरवणारा वेळेचा फ्यूज म्हणजे दारूची जळती कडी. हवेचा दाब बदलला किंवा ओल धरली की जळण्याचा वेग बदलतो. गोळा सेकंदाला ३०० मीटर वेगाने जात असेल, तर ०.१ सेकंदाची चूक म्हणजे ३० मीटरचा फरक! त्यात अंतर वाढलं की छर्ऱ्यांचा जोर कमी होतो. सततच्या माऱ्याने धक्का शोषणाऱ्या यंत्रणेच्या स्प्रिंगा तुटत होत्या, त्यामुळे तोफाही बंद पडायच्या. आणि निरीक्षकाला तार दिसलीच नाही, तर नेमाची दुरुस्ती कशाच्या आधारावर करणार? दक्षिणेला मोंतोबां गावाकडे तारा चांगल्या तुटल्या. तिथे शेजारच्या फ्रेंच जड तोफांचीही मदत होती.

खंदकवाचक: मग श्रॅपनेलऐवजी स्फोटक गोळेच का नाही मारले?

सुरुंग्या: कारण तेव्हाचा आघाती फ्यूज, म्हणजे आदळल्यावर पेटणारा, क्षणभर उशिरा पेटायचा. तेवढ्यात गोळा जमिनीत घुसायचा. खड्डा पडायचा, तारांचं जाळं वर उडायचं आणि पुन्हा त्याच खड्ड्यावर आणखी गुंतून पडायचं. खरा उपाय १०६ नंबरचा फ्यूज. टोकावरच्या दांडीभोवती पितळी फीत गुंडाळलेली असते. गोळा फिरत जाताना ती उलगडते आणि दांडी मोकळी होते. मग तार किंवा माती, कशालाही टोक लागताच स्फोट. तुकडे जमिनीलगत आडवे सुटतात, तारा कापल्या जातात, खड्डाही उथळ राहतो. १९१७ मध्ये फ्रान्समधल्या आरासच्या लढाईत हा फ्यूज मोठ्या प्रमाणावर वापरात आला. माझ्या मते रणगाड्याइतकंच महत्त्व या फ्यूजला द्यायला हवं.

जवळच्या तारांसाठी दोन इंची उखळी तोफही होती. सुमारे २३ किलोचा गोल बॉम्ब नळीबाहेर राहतो, फक्त त्याची दांडी नळीत जाते. पल्ला जेमतेम ५०० यार्ड. स्फोटानंतर दांडी कधीकधी उलटी आपल्याच खंदकाकडे यायची, त्यामुळे डागणाऱ्यांनी आडोसा धरणं गरजेचं होतं.

बारूद: बंगलोर टॉर्पेडो राहिला. १९१२ मध्ये बंगलोरला मद्रास सॅपर्स या लष्करी अभियंता दलाच्या कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी तो तयार केला. स्फोटकाने भरलेल्या नळ्या एकाला एक जोडून तारांखाली सरकवायच्या. पुढच्या नळीला गोलसर टोपी लावायची, नाहीतर ती तारेत अडकते. पेटवायचं मागच्या टोकाकडून. पण यातून एक अरुंद वाटच होते, आणि त्या वाटेवर शत्रूची मशीनगन रोखलेली असेल तर सगळे एका जागी गोळा होतात. रात्रीच्या छाप्याला ठीक, मैलोन्‌मैल आघाडीला नाही.

खंदकवाचक: मग फ्रान्समधल्या कांब्रेच्या लढाईत रणगाड्यांनी काय वेगळं केलं?

तोफची: २० नोव्हेंबर १९१७ ला रणगाड्यांनी तारा तुडवल्या. काहींनी मागे लोखंडी आकडे लावून त्या ओढून बाजूला केल्या, म्हणजे मागच्या पायदळाला आणि घोडदळाला वाट मिळाली. त्यामुळे तारांवर आधी आठवडाभर मारा करायची गरजच संपली. १,००० च्या आसपास तोफांनी आधी एकही चाचणी गोळा न टाकता नकाशावरून मोजून एकदम मारा सुरू केला. मात्र त्यासाठी प्रत्येक तोफेची झीज, हवेचं तापमान आणि वारा धरून नेमाची वेगळी दुरुस्ती काढावी लागली.