मालिकांमधलं सोळाव्या वर्षाचं प्रेम तुम्हाला पटतं का?

मयेकरीण

रोजच्या मराठी मालिकेतल्या घरात 10वी-12वीतली एक मुलगी हमखास असते. नायिकेची धाकटी बहीण, नाहीतर नणंद. मुख्य कथा रेंगाळायला लागली की हिला प्रेमात पाडतात. मुलगा खलनायिकेच्या बाजूचा निघतो किंवा पैज लावून जवळ आलेला असतो. पहिल्या भेटीत वह्या खाली पडतात, पुढच्या आठवड्यात चिठ्ठी घरच्यांच्या हाती लागते, त्याच्या पुढच्या आठवड्यात मुलगी रात्री बॅग भरते आणि नायिका तिला बसस्टँडवरून परत आणते. मग गळ्यात पडून रडणं. त्या मुलाचं नाव पुढे कुणी काढत नाही.

मला हे अजिबात पटत नाही. पंचविशीतल्या नट्या दोन वेण्या घालून शाळेत जातात, ते मी सोडून देते. माझी तक्रार वेगळी आहे. या वयातलं प्रेम जवळजवळ सगळं न बोललेलं असतं. आमच्या गोव्यात डिचोली-साखळीकडे मुलं बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, शाळेला जातात. त्या बसमध्ये कोण कुठल्या खिडकीशी बसतं, कुणासाठी जागा धरली जाते, कोण मुद्दाम एक थांबा पुढे जाऊन उतरतं, यातच अख्खं वर्ष निघून जातं. गणेशचवथीत घरोघरी आरत्या म्हणत फिरताना एका ठरावीक घरी मुलाच्या हातातलं घुमट, हे आमचं मातीचं वाद्य, जरा जास्तच घुमतं. जत्रेतल्या नाटकाला ती आईशेजारी बसलेली असते आणि तो मांडवाच्या खांबाला टेकून पहाटेपर्यंत उभा असतो. कुणी कुणाला काही विचारलेलं नसतं. मालिकेत एक थप्पड तीन बाजूंनी तीनदा दाखवायला वेळ असतो, पण दोन मुलं शेजारी गप्प बसली आहेत यासाठी अर्धं मिनिट सापडत नाही.

आणि परीक्षा कुठे आहे? 10वीचं वर्ष म्हणजे घरात पर्वरीच्या बोर्डाशिवाय दुसरा विषय नसतो. ट्युशनची बॅच बदलली म्हणून भेट तुटते, प्रिलिमला मार्क कमी पडले म्हणून अपराधी वाटतं. मालिकेतल्या मुलीला गणिताचा पेपर नसतोच. मोठ्यांच्या लग्नाच्या गोष्टीला शाळेचा गणवेश चढवला आहे, असं मला दर वेळी वाटतं.

उलट मत असेल त्यांनी जरूर लिहा.

बाकावरचा मास्तर

ताई, माझं मत उलट आहे. फोंडा तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत मी 11वी-12वीला शिकवतो. तुमची खिडकी आणि घुमट माझ्या पिढीचं. आत्ताची मुलं मालिकेतल्यासारखीच वागतात, कारण प्रेमात कसं वागायचं हे त्यांनी पडद्यावर पाहिलेलं असतं. मुलगा वर्गाबाहेर गुडघ्यावर बसून विचारतो, मित्र ते फोनवर घेतो, त्यावर गाणं चढतं. बिनसलं की सगळ्यांना दिसेल असं स्टेटस लागतं. माझ्यासमोर समुपदेशनाला बसलेली मुलगी रडता रडता जी वाक्यं बोलते, ती मी आदल्या रात्री टीव्हीवर ऐकलेली असतात. तिचं दुःख खरं असतं, शब्द तेवढे तिने तिथून घेतलेले असतात. म्हणून मला मालिकेतलं हे प्रेम पटतं.

यंदा बारावी झाले

सर, तुमचा मान ठेवून सांगते, आम्ही मालिका बघत नाही. आजी बघते तेव्हा आम्ही तिथे जेवत असतो, एवढंच. गुडघ्यावर बसणं रील्समधून आलं, आणि ते मित्रांना दाखवायला असतं.

खरं काय असतं ते सांगते. त्याने माझी स्टोरी पाहिली का, पाहून काहीच का नाही पाठवलं, 'क्लोज फ्रेंड्स'मध्ये मी आहे का. फोनचा पासवर्ड आईला माहीत असतो, म्हणून त्याचा नंबर मैत्रिणीच्या नावाने ठेवायचा आणि मेसेज वाचला की पुसायचा. रात्री अकराला तो ऑनलाइन दिसतो, मी ऑनलाइन आहे हे त्यालाही दिसतं, आणि दोघंही काही लिहीत नाही. मयेकरीणताई म्हणतात ते न बोलणं आमच्याकडेही आहे, फक्त फोनवर. मालिकेत मात्र अजून चिठ्ठीच सापडते.

पेडण्याची आई

मुलांचं राहू दे बाजूला. मालिकेतली घरची माणसं शंभर टक्के खरी असतात. माझी मुलगी 9वीत असताना आम्हाला कळलं, तेव्हा आमच्या घरात जे जे झालं ते मी नंतर टीव्हीवर जसंच्या तसं पाहिलं. फोन काढून घेतला. ट्युशन बदललं. हे आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. सासूबाई मलाच म्हणाल्या, "तुझं लक्ष खंय आशिल्लें?" आणि मला रात्रभर झोप नाही. आता ती बस चुकली म्हणून उशिरा आली तरी पोटात गोळा येतो.

मयेकरीणताई, ही मालिका मुलींसाठी नसतेच, माझ्यासाठी असते. त्यातली मुलगी कशी दिसते, कशी बोलते याकडे माझं लक्ष नसतं. आपली पोर फसेल ही भीती मी तिथे बघते. ती खोटी आहे असं मला कुणी सांगू नये.

मयेकरीण

पेडण्याच्या ताई, तुमची भीती खोटी म्हणणार नाही, मीही आई आहे. पण तुम्हीच फार नेमकं सांगितलंत. तिथे सोळा वर्षांच्या मुलीची गोष्ट नसते, तिच्या आईला पडणारं वाईट स्वप्न असतं. म्हणूनच मुलगा दर वेळी लबाड निघतो. मुलगा सरळ असला, दोघं नुसतीच एकमेकांना आवडत असली, तर भीतीला जागाच उरत नाही. माझा आक्षेप आहे तो यावर. रोज रात्री तेच पाहून आपण आपल्या मुलांकडेही त्याच नजरेने बघायला लागतो. बस चुकली तर बस चुकलेली असते, हो.

स्पॉटवरचा

थोडं आतलं सांगतो. 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि कितीतरी हिंदी-मराठी मालिकांची युनिटं गोव्यात आली. मे सुरू झाला तशा इथल्याही परवानग्या रद्द झाल्या. मधल्या दिवसांत मी एका युनिटबरोबर स्थानिक मदतनीस म्हणून होतो.

दुपारी जो प्रसंग घ्यायचा त्याची पानं सकाळी हातात येत होती. आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांचे. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीआरपीचे, आकडे येतात, आणि आकडा पडला की ट्रॅक वळवतात. गप्प बसलेल्या मुलांचा प्रसंग लिहिता येत नाही असं लेखकांचं नसतं. मालिका निम्मी ऐकली जाते. बाई भाजी चिरत असते, चपात्या लाटत असते, मध्येच दाराशी जाते. पडद्याकडे न बघताही कळलं पाहिजे, म्हणून प्रत्येक भावना तोंडाने बोलायची आणि मागे संगीत वाजवायचं. मयेकरीणताईंचा खांबाला टेकलेला मुलगा स्वयंपाकघरात ऐकू येणार नाही.

वयाचंही सांगतो. 14 वर्षांखालच्या मुलाला दिवसाला पाच तासांवर काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांवर नाही, असा 2017 चा नियम आहे. पंधरा-सोळाचं पोर घ्यावं तर त्याची शाळा आणि बोर्डाची परीक्षा मध्ये येते. सेटवरचा दिवस बारा तासांचा. म्हणून बावीस-चोवीसची मुलगी घेतात. उलटंही झालेलं आहे. 2011 मध्ये 'ससुराल सिमर का' सुरू झाली तेव्हा अविका गोर चौदाचीसुद्धा नव्हती, आणि पुढे त्यात ती सून म्हणून वावरली. तेव्हा फार कुणाला खटकलं नाही.

मयेकरीण

हे ऐकणं-बघण्याचं तुम्ही सांगितलंत ते मोलाचं आहे. पण मग 1998 मध्ये झी टीव्हीवर 'हिप हिप हुर्रे' कशी चालली? शाळेतली मुलं, त्यांची भांडणं, आवडणं-निवडणं, सगळं होतं, आणि माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, आठवण काढतील. ती आठवड्यातून एकदा लागायची. लेखकाला विचार करायला सात दिवस मिळत होते. रोजच्या मालिकेने तो वेळ खाल्ला आणि ओझं पडलं ते या लहान पात्रांवर, कारण त्यांची गोष्ट जोडकथा म्हणून घाईतच उरकायची असते.

मडगावची वकील

पटण्या-न पटण्यापेक्षा मला एक गोष्ट जास्त टोचते. मालिकेत मुलगी पळून जाते, परत येते, समजूत निघते, विषय संपतो. खऱ्या आयुष्यात मुलीचे वडील त्याच रात्री पोलीस स्टेशनला जातात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालच्या व्यक्तीच्या संमतीला अर्थ नाही. सतराची मुलगी आणि एकोणीसचा मुलगा, दोघांच्या मर्जीने संबंध आला तरी मुलावर गंभीर गुन्हा लागतो. आपल्याकडे शिवाय 2003 चा गोवा बाल कायदा आहे. कायदा आयोगाने सप्टेंबर 2023 मध्ये संमतीचं वय 18 च्या खाली आणू नये असाच अहवाल दिला. 16 ते 18 मधल्या राजीखुशीच्या प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत काही मोकळीक असावी, एवढंच त्यात म्हटलं.

हे एकाही मालिकेतल्या आईबापाच्या तोंडी मी ऐकलेलं नाही. तो मुलगा तुरुंगात जाऊ शकतो हे मुलीला माहीत नसतं, मुलालाही नसतं. दोघांची वर्षं त्यात जातात. मालिका रोज इतक्या घरांत पोचते, एकदा तरी एखाद्या मामाने हे सांगावं.

कुळागर

पैशाचाच अडसर का दाखवतात ते मला कुणी सांगा. मालिकेत मुलगा गरीब असतो, नाहीतर वैऱ्याच्या घरचा. आमच्याकडे मुलीच्या घरातला पहिला प्रश्न असतो, "कोणाचो तो?" म्हणजे वाडा कुठला, कुळदेव कुठला, देवळात महाजन, म्हणजे देवस्थानचे हक्कदार, आहेत की नाहीत. शेजारच्या ख्रिस्ती घरातला मुलगा असेल तर प्रश्नसुद्धा विचारला जात नाही, मुलगी थेट मामाकडे रवाना. मुलंही हे जाणून असतात. चौदाव्या वर्षी त्यांना पक्कं माहीत असतं की कुठल्या नावाला घरात हो म्हणतील आणि कुठल्या नाही, आणि त्याप्रमाणे ती मनातल्या मनातच माघार घेतात. मालिकेतल्या प्रेमाला आडनावच नसतं, म्हणून मला ते कधीच खरं वाटत नाही.

बाकावरचा मास्तर

कुळागरबाब, मुद्दा खरा आहे, पण संध्याकाळी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एकत्र बसून जे बघतात, त्यात हे आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते आणलं की गावात त्याच्यावरून वाद पेटतो आणि त्रास होतो तो अशा जोड्यांनाच. वर्गात मी तो बघितला आहे.

कुळागर

न दाखवूनही त्रास होतोच आहे, सर. फक्त तो कुणाला दिसत नाही.

यंदा बारावी झाले

एक राहिलं. मालिकेत हे प्रेम कधी नुसतं संपत नाही. कुणीतरी तोडावं लागतं, नाहीतर लग्न तरी होतं. माझं संपलं. घरी माहीतसुद्धा नव्हतं. त्याला फर्मागुडीला इंजिनिअरिंगला मिळालं, मी पणजीला. आधी रोज बोलणं, मग रविवारी, मग वाढदिवसाला. कुणी लबाड नव्हतं. माझ्या बहुतेक मैत्रिणींचं असंच झालं. मी रडले, पण कुणावर राग काढावा ते कळेना, कारण वाईट कुणी वागलंच नव्हतं. असं मी पडद्यावर पाहिलं असतं तर माझ्यातच काही कमी आहे असं इतके दिवस वाटलं नसतं.

पेडण्याची आई

बाय, तुझं वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगते, असली मालिका मी चार दिवस बघेन आणि पाचव्या दिवशी दुसरं लावेन. दिवसभर राबून बसल्यावर मला काहीतरी घडायला हवं असतं. मुलीची आई म्हणून तर शेवटी ती सुखरूप घरी आलेली बघायची असते.

स्पॉटवरचा

हेच. आणि वाहिनी पेडण्याच्या ताईंचं ऐकते, कारण आकडा त्यांचा आहे.

मयेकरीण

वाहिनी आकड्याशिवायही ऐकते. 2017 मध्ये सोनीवर 'पहरेदार पिया की' आली, त्यात लहान मुलाचं अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न लावलेलं होतं. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या आणि दीड महिन्याच्या आत ती बंद झाली. तिथे नको ते बंद झालं, तसं हवं ते मागताही येईल.

पेडण्याच्या ताई, तुम्हाला घडायला हवं ना? मग हे घडू द्या. नंबर मैत्रिणीच्या नावाने आहे हे आईला कळतं. ती थप्पड मारत नाही, नवऱ्याला सांगत नाही. दोन दिवस ती विचार करते, सासू संशयाने बघते, नवरा विचारतो काय झालं, आणि तिसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन बाजारात जाते आणि परत येताना विचारते, "कोण तो? कसा आहे?" यात सहा भाग आरामात निघतील. भाजी चिरतानाही ऐकता येईल, कारण बोलणं आईचं आहे. मुलगी काय उत्तर देईल ते मला दुसऱ्या दिवशी बघावंच लागेल. तुम्हाला नाही का?

पेडण्याची आई

बघेन. पण ती आई खोटी वाटेल मला. दोन दिवस नवऱ्याला न सांगता राहणं आमच्या घरात तरी जमलं नसतं.