सत्र न्यायालयातला सरकारी वकील संवर्गातून यावा की बारमधून?

कोर्टनाका:

महाराष्ट्रात फौजदारी खटले चालवणारे सरकारी वकील दोन वेगळ्या वाटांनी येतात, आणि हे बऱ्याच सुशिक्षित लोकांनाही माहीत नसतं. मॅजिस्ट्रेट कोर्टात असतो सहायक सरकारी अभियोक्ता. किमान पाच वर्षं वकिली केलेला, लोकसेवा आयोगाने निवडलेला, पगारी आणि गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाखालचा. म्हणजे संवर्गातला, कायम सेवेतला. सत्र न्यायालयात मात्र जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील असतात. ते बारमधले, म्हणजे खाजगी वकिली करणारे वकील. त्यांची नेमणूक 1984 च्या विधी अधिकारी नियमांनुसार विधी व न्याय विभाग करतो, तीही मुदतीवर. म्हणजे मोटारसायकल चोरीचा खटला कायम नोकरीतला माणूस चालवतो, आणि खुनाचा खटला ज्याची मुदत उद्या संपू शकते तो.

पूर्वी मॅजिस्ट्रेट कोर्टातले अभियोक्ते पोलीस खात्याच्या हाताखाली होते. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तिथून बाहेर काढून वेगळा संवर्ग करायला सांगितलं. तो संवर्ग झाला, पण तालुक्याच्या कोर्टापाशीच थांबला. तो सत्र न्यायालयापर्यंत न्यावा असं माझं ठाम मत आहे.

कारणं दोन. पहिलं, सातत्य. सत्र खटला वर्षानुवर्षं चालतो. अर्धे साक्षीदार तपासून झाल्यावर पॅनेल, म्हणजे सरकारी वकिलांच्या नेमणुकीची यादी, बदललं की नवा वकील कागद पहिल्या पानापासून वाचतो, आणि आधीच्या साक्षीत काय सोडायचं ठरलं होतं आणि का, हे त्याला कोणी सांगत नाही. दुसरं, खटला मागे घेण्याचा अधिकार. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 321, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं 360. हा अर्ज सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने करायचा असतो, वरून आलेल्या पत्राखाली सही ठोकायची नसते. आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नयेत असं 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ज्याची पुढची नेमणूक त्याच सरकारच्या हाती, त्याने त्या पत्राला नाही म्हणायचं ही अपेक्षा फार मोठी आहे.

सत्रखटला:

असहमत. सत्र न्यायालयातलं काम म्हणजे मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या कामाची वरची पायरी नव्हे, ते कामच वेगळं आहे. सहायक अभियोक्त्याचा दिवस रिमांड, जामिनावरचं म्हणणं, समन्स-वॉरंट, किरकोळ मारामारी आणि चोरीचे पुरावे यात जातो. रोजच्या बोर्डावर ढीगभर प्रकरणं, प्रत्येकाला मिळणारी मिनिटं मोजकी. दहा-बारा वर्षं याच सवयीत काढलेल्या माणसाला ज्येष्ठतेने वर आणून प्रत्यक्षदर्शी नसलेला, परिस्थितीजन्य पुराव्यावरचा खुनाचा खटला चालवायला द्यायचा?

बचावाची बाजू चालवलेल्या वकिलाला पंचनामा कुठे फाटतो ते ठाऊक असतं, कारण त्याने तो फाडलेला असतो. डॉक्टरांना उलटतपासात काय विचारलं जाईल, हे त्याला आधी कळतं. म्हणून तो सरतपासातच, म्हणजे आपल्या साक्षीदाराला प्रश्न विचारतानाच, ती जागा बुजवतो.

कायद्यानेही संवर्गाची सक्ती केलेली नाही. के. जे. जॉन विरुद्ध केरळ राज्य, 1990: संवर्गाची शिडी सरकारी वकिलाच्या पदापर्यंत जात नसेल तर संवर्गातूनच नेमा असं म्हणता येत नाही. 2005 च्या दुरुस्तीत हाच अर्थ जुन्या संहितेच्या कलम 24(6) च्या स्पष्टीकरणात घातला गेला. आणि सहायक अभियोक्ता म्हणून केलेली सेवा सरकारी वकील होण्यासाठीच्या सात वर्षांच्या वकिलीच्या अटीत धरलीच जाते. म्हणजे चांगला अभियोक्ता सत्र न्यायालयात येण्याच्या आड पात्रता येत नाही. हरकत आहे ती सरसकट पदोन्नतीला.

पोर्शनमार्क:

बचावाचा अनुभव मोलाचा आहे, पण तो उलटतपासाचा अनुभव आहे. सरकारी वकिलाचं नव्वद टक्के काम सरतपासाचं. तिथे सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारे, प्रश्न विचारता येत नाहीत, आणि उलटतपास घेणाऱ्याची सगळी सवय सूचक प्रश्नांचीच असते. 'तुम्ही सात वाजता घरी होतात ना?' हे बचावाला चालतं. सरकारी वकिलाला 'त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता?' असं विचारून उत्तराची वाट पाहावी लागते, आणि गांगरलेल्या साक्षीदाराला त्याच्याच ओघात त्या सात वाजेपर्यंत आणावं लागतं. ही वेगळी विद्या आहे.

फितूर साक्षीदाराचं उदाहरण घेऊ, कारण तिथे फरक उघडा पडतो. साक्षीदार म्हणतो, मी काही पाहिलं नाही. सरकारी वकील परवानगी मागतो: जुन्या पुरावा कायद्याचं कलम 154, आता नव्या साक्ष अधिनियमाचं 157. मिळते. आता तो उलटतपास घेऊ शकतो. बरेच जण इथे एकच ठरलेलं वाक्य विचारतात, की तुम्ही आरोपीशी संगनमत करून खोटं सांगताय. साक्षीदार 'हे म्हणणं खरं नाही' म्हणतो, आणि संपलं. नोंदीत शून्य.

करायचं काय असतं? पोलिसांपुढचा जबाब हातात घ्यायचा. त्यातली नेमकी तीन-चार वाक्यं वाचून दाखवायची: 'आरोपीच्या हातात कोयता होता आणि तो विहिरीकडे पळाला असं तुम्ही सांगितलं होतं का?' साक्षीदार नाकारतो. तेवढ्याच मजकुराला कंस करून पोर्शन मार्क 'ए' द्यायचा. मग दुसरा भाग, 'बी'. एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. महिन्यांनी तपासी अंमलदार साक्षीला येतो तेव्हा त्याला विचारायचं की हा मजकूर या साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच तुम्ही लिहिला का. तो हो म्हणाला की विसंगती शाबीत होते. तरीही जबाबातला तो मजकूर पुरावा बनत नाही, साक्षीदाराची विश्वासार्हता तपासण्यापुरताच राहतो. पण तपासी अंमलदाराला तो प्रश्न विचारायचाच राहिला तर तेवढाही उपयोग उरत नाही.

आणि तो प्रश्न नेमका का राहतो? कारण साक्षीदार एका वकिलाने तपासला, तपासी अंमलदार दुसऱ्याने. कोर्टनाका यांचा सातत्याचा मुद्दा नुसता तात्त्विक नाही.

सत्रखटला:

पोर्शन मार्कचं वर्णन अचूक आहे आणि ती चूक होते, मान्य. पण हा प्रशिक्षणाचा प्रश्न झाला. संवर्गातला माणूसही बदलीने जातो. नंदुरबारहून सिंधुदुर्गात बदली झाली की त्याचेही अर्धवट खटले मागेच राहतात. मुदत आणि बदली, कागदाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच.

मुद्देमाल:

दोन्ही बाजू नेमणुकीवर भांडताहेत. खटला पडतो तो त्याच्या कितीतरी आधी.

आग्नेयास्त्राच्या प्रकरणात शस्त्र अधिनियमाच्या कलम 39 खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ती नसताना दोषारोपपत्र गेलं तर विनापरवाना शस्त्राचा, कलम 3 चा आरोप टिकत नाही, पिस्तूल कितीही पक्कं सापडलेलं असो. मोबाइलमधली चित्रफीत जोडली आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र नाही, हे तर नेहमीचंच. नव्या साक्ष अधिनियमाच्या 63(4) खाली त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक साधन ज्याच्या ताब्यात त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. दुसरा भाग कोरा असलेले कागद आजही दाखल होतात.

त्याहून नाजूक जागा म्हणजे दुवा. रक्ताचे कपडे जप्त झाले, मुद्देमाल कारकुनाकडे आले, सीलबंद होऊन एका अंमलदारामार्फत न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले. जप्ती करणारा साक्षीदार असतो, अहवाल असतो. मुद्देमाल कारकून आणि कपडे घेऊन जाणारा अंमलदार, या दोघांची नावं मात्र दोषारोपपत्रातल्या साक्षीदारांच्या यादीत बहुधा नसतात. बचाव एकच प्रश्न विचारतो: जप्ती आणि प्रयोगशाळा यांच्यामधल्या दिवसांत हे कपडे कुठे होते, आणि सील शाबूत होतं हे कोण सांगणार? ही उणीव पुरावा सुरू होण्याआधी दिसली तर अर्ज देऊन दोन साक्षीदार वाढवता येतात, अर्ध्या तासाचं काम आहे. युक्तिवादाच्या वेळी दिसली तर कोर्टाने कोणत्याही टप्प्यावर साक्षीदार बोलावण्याच्या अधिकाराच्या (संहितेचं जुनं 311, नवं 348) भरवशावर राहावं लागतं.

तसंच वस्तू कुठे आहे ते सांगणाऱ्या आरोपीच्या निवेदनाचं. पंच फितूर झाले तरी तपासी अंमलदाराच्या तोंडून निवेदन पंचनामा शाबीत करता येतो. पण 'आरोपीने दाखवल्यावरून कोयता जप्त केला' एवढं पुरत नाही. आरोपी नेमका काय बोलला, कोणत्या शब्दांत, हे साक्षीत यावं लागतं. सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक, 2022, मुद्दाम वाचावा असा निकाल. तो पंचनामा तीन ओळींचाच असतो, पण त्या तीन ओळी साक्षीत आणायला सरकारी वकिलाने तपासी अंमलदाराला आदल्या दिवशी मूळ कागद वाचायला दिलेला असावा लागतो.

आता खरी फट. दोषारोपपत्राची छाननी करतो तालुक्याचा सहायक अभियोक्ता. तो खटला चालवणार नसतो. कमिट होऊन, म्हणजे मॅजिस्ट्रेटने वर्ग केल्यावर, प्रकरण सत्र न्यायालयात गेलं की जिल्ह्याचा वकील ते पहिल्यांदा पाहतो. छाननी एकाची, खटला दुसऱ्याचा, दोघांचे विभागही वेगळे. त्यामुळे छाननीतली चूक छाननी करणाऱ्याला कधीच कळत नाही.

सत्रखटला:

मुद्देमाल, फट तुम्ही बरोबर दाखवलीत. पण ती बुजवायला सगळं एका छपराखाली आणायचं म्हटलं तर ते छप्पर कोणाचं, हेही बोला. अभियोग संचालक कायद्यानेच गृह विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली आहेत: आधी जुन्या संहितेचं 25-अ, आता नव्या संहितेचं 20. पोलीसही गृह विभागाचेच. तपास करणारा आणि खटला चालवणारा यांचा गोपनीय अहवाल शेवटी एकाच मंत्रालयीन विभागात जाणार. शहाणे निकालाने जे तोडलं, ते मागच्या दाराने जोडल्यासारखं होईल.

हितेंद्र विष्णू ठाकूर, 1994, हा तर आपल्याच राज्यातला निकाल. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली तपासाला मुदतवाढ मागताना सरकारी वकिलाने पोलिसांची मागणी नुसती पुढे ढकलायची नाही, स्वतः तपासून स्वतःचा अहवाल द्यायचा, कारण तो तपासयंत्रणेचा भाग नाही. शिवकुमार विरुद्ध हुकमचंद, 1999, मध्येही तेच सूत्र: काहीही करून शिक्षा मिळवणं हे सरकारी वकिलाचं काम नाही. आरोपीच्या बाजूचा कागद पोलिसांनी दडवला असेल तर तो कोर्टापुढे आणणंही त्याच्याकडे येतं. बारमधून आलेल्या, आणि उद्या बारमध्येच परतणाऱ्या वकिलाला हे सोपं जातं.

फिर्यादीपक्ष:

ज्यांचा माणूस गेला त्यांच्या बाजूने पाहा. त्यांना संवर्ग आणि बार यातलं काही कळत नाही. कोर्टात आपल्या वतीने उभा असलेला माणूस आपल्याशी एकदाही बोललेला नाही, एवढं कळतं. म्हणून विशेष सरकारी वकिलाची मागणी होते आणि प्रत्येक मोठ्या प्रकरणात उज्ज्वल निकमांचं नाव घेतलं जातं. 1993 चे स्फोट आणि 26/11 चे खटले त्यांनी चालवले, पण त्यांची सुरुवात जळगावच्या जिल्हा न्यायालयात झाली. विशेष नेमणुकीला दहा वर्षांची वकिली लागते, संवर्ग लागत नाही.

पण हा मार्ग सर्रास वापरायचा नाही, हेही मुकुल दलाल प्रकरणात 1988 मध्येच ठरलेलं आहे. तो निकाल आपल्या 1984 च्या नियमांवरचाच. फिर्यादीने मागितलं म्हणून विशेष वकील द्यायचा नाही, विधी परामर्शींनी, म्हणजे सरकारच्या कायदा सल्लागारांनी, त्या खटल्याला खरंच गरज आहे का ते तपासायचं. फिर्यादीने स्वतःचा वकील लावला तर तो फक्त मदतनीस. रेखा मुरारका, 2019: त्याला साक्षीदार तपासता येत नाही, सरकारी वकिलामार्फत प्रश्न सुचवता येतात. म्हणजे घटनेनंतर पाच वर्षांनी साक्षीला उभ्या राहणाऱ्या आईचा सगळा भार नेहमीच्या सरकारी वकिलावरच. तो बेपर्वा निघाला तर काय होतं, ते गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या प्रकरणात दिसलं. सरकारी वकील बचावाच्या वकिलासारखा वागला असे ताशेरे 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारले आणि फेरखटला गुजरातबाहेर, मुंबईत, चालवायला लावला.

कोर्टनाका:

गृह विभागाचा आक्षेप वजनदार आहे, तो मी बाजूला सारत नाही. संवर्ग विधी व न्याय विभागाकडे द्यायचा तर संहितेत दुरुस्ती लागेल. ती व्हायला हवी असंच मी म्हणेन.

पण सत्रखटला, बारमधून आलेला वकील स्वतंत्र असतो हे तुम्ही गृहीत धरताय. पॅनेल बनतं कसं ते पाहा. जुन्या संहितेच्या मूळ कलम 24(4) मध्ये जिल्हादंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावं द्यायची होती. महाराष्ट्राने 1981 च्या दुरुस्तीने ते शब्द काढून 'राज्य सरकारच्या मान्यतेने' असं केलं. ज्या न्यायाधीशासमोर तो वकील रोज उभा राहणार, ज्याला त्याची तयारी सर्वांत जास्त दिसते, त्यालाच विचारायचं नाही. नव्या संहितेच्या मूळ कलम 18(4) मध्ये सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय पुन्हा आहे. पॅनेलच ठेवायचं तर त्यांचं मत लेखी असावं आणि ते डावललं तर कारणं नोंदवावीत.

सत्रखटला:

याला पूर्ण पाठिंबा. आणि एक पुढचं: मुदत संपली तरी ज्या खटल्यात पुरावा सुरू झालाय तो निकालापर्यंत त्याच वकिलाकडे ठेवावा.

पोर्शनमार्क:

तो नको. मुदत संपलेल्या वकिलाला त्या खटल्यात लक्ष घालायचं कारण उरत नाही, आणि तारखा त्याच्या खाजगी कामांच्या सोयीने पडू लागतील. त्यापेक्षा खटला सोडणाऱ्याने, मुदत असो वा बदली, सरकारी फाइलमध्ये एक टिपण ठेवणं सक्तीचं करा. तपासलेले साक्षीदार आणि त्यांच्या साक्षींचे निशाणी क्रमांक, कोण फितूर, कोणते पोर्शन मार्क तपासी अंमलदाराकडून शाबीत करायचे राहिलेत, कोणता मुद्देमाल अजून साक्षीदाराला दाखवलेला नाही, कोणाला सोडलं आणि का. दोन पानांत बसतं. जिल्हा सरकारी वकिलाच्या सहीशिवाय पुढची साक्ष घ्यायची नाही.

मुद्देमाल:

त्यात छाननी करणाऱ्या सहायक अभियोक्त्याचे शेरेही जोडा. आणि निकाल लागला की त्याची एक प्रत तालुक्याला त्याच्याकडे परत गेली पाहिजे.