वृद्ध रुग्णाचा ‘फ्रेल्टी स्कोअर ६’ म्हणजे नेमके काय समजायचे?

प्रश्न (माहेरवाशीण):
माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाईंना न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल केले आहे. दाखल करतेवेळी निवासी डॉक्टरांनी अंघोळ स्वतः करतात का, जिना चढताना आधार लागतो का, पैशांचे व्यवहार कोण पाहते, अशी बारीक विचारपूस केली आणि केसपेपरवर ‘सीएफएस ६’ असे लिहिले. हा आकडा जितका मोठा तितकी वाचण्याची शक्यता कमी, असे नणंदेच्या वाचनात आल्यापासून घरातल्या सगळ्यांचा धीर खचला आहे. वय आणि आजाराची तीव्रता ठाऊक असताना हा आकडा कशाला हवा, आणि त्यावरून उपचारांत हात आखडता घेतला जातो का?

उत्तर १ (वॉर्डराउंड):
मी वृद्धरुग्णांवर उपचार करणारा फिजिशियन आहे. सीएफएस म्हणजे ‘क्लिनिकल फ्रेल्टी स्केल’, वृद्धाच्या शरीराची क्षीणता (फ्रेल्टी) किती आहे हे सांगणारी श्रेणी. ती कॅनडातील डलहौसी विद्यापीठातले डॉ. केनेथ रॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडली. तेव्हा तिच्यात ७ पायऱ्या होत्या, आता ९ आहेत. सहावी पायरी म्हणजे बाहेरच्या सर्व कामांत आणि घर सांभाळण्यात मदत लागते, जिना जड जातो आणि अंघोळीलाही बहुधा कोणीतरी लागते. एकाच वयाच्या दोघांना सारखाच न्यूमोनिया झाला तरी एक जण आठवड्यात उठून घरी जातो आणि दुसरा अंथरुणाला खिळतो, कारण शरीराची शिल्लक ताकद वेगळी असते; वयाच्या आकड्यात ती दिसत नाही. पायरी जितकी वरची तितके रुग्णालयातील मृत्यू आणि लांबलेला मुक्काम अधिक, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे, परंतु ते रुग्णांच्या समूहाबद्दलचे विधान आहे, तुमच्या सासूबाईंबद्दलचे भाकीत नव्हे.

क्षीणता मोजण्याचे दुसरे साधन म्हणजे अमेरिकी संशोधक लिंडा फ्रीड यांचे २००१ चे निकष. हे निकष, म्हणजे नकळत घटलेले वजन, थकवा, हाताची पकड, चालण्याचा वेग आणि हालचाल, संशोधनाला उत्तम आहेत. मात्र ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाला चालवून वेग कसा मोजणार? म्हणून वॉर्डात विचारपूस सोयीची पडते. ती आजाराच्या साधारण दोन आठवडे आधीच्या स्थितीबद्दल हवी, कारण तापात आणि भ्रमात कोणीही सातव्या पायरीवरचा भासतो.

उत्तर २ (पांढरी टोपी):
मी वॉर्डातील परिचारिका म्हणून एक भर घालते. आपल्या घरांत ‘आईंना आम्ही काही करू देत नाही’ हे वाक्य अभिमानाने सांगितले जाते आणि कागदावर ते ‘स्वतः करू शकत नाहीत’ असे उतरते. सून बादलीत गरम पाणी काढून देते, ही अंघोळीतली मदत धरायची का? आयुष्यात कधी बँकेत न गेलेल्या बाईला व्यवहार जमत नाहीत म्हणून गुण वाढवायचे का? पूर्वी जमत होते आणि आता सुटले, असे काय आहे, तेवढेच विचारात घ्यायला हवे.

उत्तर ३ (वॉर्डराउंड):
अगदी योग्य मुद्दा. उपचार आखडण्याच्या शंकेबद्दल: मार्च २०२० मध्ये, कोविडच्या सुरुवातीस, ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने अतिदक्षतेच्या निर्णयासाठी ही श्रेणी वापरण्याची सूचना केली आणि टीकेनंतर काही दिवसांतच ६५ वर्षांखालील, तसेच दीर्घकालीन स्थिर अपंगत्व किंवा स्वमग्नता असलेल्यांसाठी ती वापरू नये, असा बदल केला. एकट्या आकड्यावर निर्णय घेणे गैरच आहे. अतिदक्षता विभागाविषयी बोलायचे झाल्यास सासूबाईंची स्वतःची इच्छा आधी विचारावी.

माहेरवाशीण:
धन्यवाद. त्या अंघोळ स्वतःच करतात. घसरू नयेत म्हणून मी दाराशी उभी असते. उद्याच्या राउंडला हे सांगते.

वॉर्डराउंड:
जरूर सांगा, कदाचित आकडा ५ होईल, पण त्याने प्रतिजैविक बदलणार नाही. चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र घरून आणा, डॉक्टरांच्या परवानगीने जेवणाच्या वेळी त्यांना खुर्चीत बसवा, आणि लघवीची नळी असेल तर ती अजून का ठेवली आहे, हे रोज विचारा.