मदत हवी आहे: डुकराच्या पेशींचा मधुमेहावरचा उपचार, न्यूझीलंडला संपर्क कुठे करायचा?

शिरीष_सातारा
भाचीला शुगर आहे. न्यूझीलंडमध्ये डुकराच्या स्वादुपिंडातल्या पेशी पोटात सोडतात आणि इन्सुलिनच्या सुया सुटतात, असं व्हॉट्सॲपवर आलंय. खर्च किती, नाव कुठे नोंदवायचं? मधुमेह म्हणजे काय ते समजावू नका, घरात रोज बघतोय. बहिणीला आज सांगायचंय.

मंदार_के
टाइप १ की २? वय किती?

आजीचा_बटवा
मेथीदाणे रात्री भिजत घाला. सासऱ्यांना चांगला गुण आला.

मंदार_के
काकू, टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. मेथी काय करणार?

आजीचा_बटवा
इन्सुलिन बंद करा असं मी कुठे लिहिलंय? नीट वाचत जा.

शिरीष_सातारा
शाळेत असल्यापासून सुया चालू आहेत. आता १९ वर्षांची आहे. टाइप १ च असणार ना? नंबर द्या कोणीतरी.

ऑकलंडकर
मी इथेच राहतो. बातमी जुनी आहे. डॉ. बॉब इलियट यांच्या गटाने १९९६ साली एका रुग्णाच्या पोटात या पेशी सोडल्या, शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटच्या कवचात. कवचातून साखर आणि इन्सुलिन आरपार जातं, प्रतिकारपेशी बाहेर राहतात. टोचायचं इन्सुलिन ३० टक्क्यांनी उतरलं, पण वर्षभराच्या आत पुन्हा होतं तिथे आलं. साडेनऊ वर्षांनी काही पेशी जिवंत सापडल्या, त्याचीच बातमी फिरतेय. पुढे २००९ मध्ये इथे चाचण्याही झाल्या, पण उपचार बाजारात आलाच नाही. नाव नोंदवणार कुठे?

रानवारा
डुकराच्या जनुकांतच विषाणू असतात म्हणे. आणि डुक्कर? आमच्या घरात कोणी तयार होणार नाही.

ऑकलंडकर
विषाणू नकोत म्हणूनच न्यूझीलंडच्या दक्षिणेला दूर असलेल्या ऑकलंड बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या एकटी राहिलेली डुकरं निवडली होती. आणि पूर्वी इन्सुलिन गाई-डुकरांचंच टोचायचे हो! डुकराच्या आणि आपल्या इन्सुलिनमध्ये एकाच अमिनो आम्लाचा फरक.

जुना_पुणेकर
१९९७ मध्ये आसामात डॉ. धनीराम बरुआंनी माणसाला डुकराचं हृदय बसवलं होतं. रुग्ण आठवड्यात गेला, डॉक्टर तुरुंगात. आपल्याकडे संशोधकाची किंमतच नाही.

मंदार_के
परवानगी न घेता केलं होतं, साहेब. वेगळा धागा काढा.
शिरीष, सध्या जास्त आशा मानवी मूलपेशींपासून (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडवता येतात) बनवलेल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींकडून आहे. २०२५ मध्ये छापून आलेल्या चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरानंतर बंद होतं. पण प्रतिकारशक्ती दाबणारी जोखमीची औषधं घ्यावी लागतात, म्हणून ती चाचणी साखर फार खाली जाऊनही ज्यांना कळत नाही त्यांच्यावर होती. भाचीला साखर उतरल्याचं कळतं का?

शिरीष_सातारा
नाही ना! मागच्या महिन्यात झोपेतच बेशुद्ध पडली. बहीण म्हणून तर मागे लागलीय.

मंदार_के
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! दंडावर लावायचा सेन्सर मिळतो, साखर उतरली की मोबाइलवर गजर वाजतो. गजर असलेलाच घ्या. रात्रीची मात्रा डॉक्टरांकडून उद्याच तपासून घ्या. पुन्हा बेशुद्ध झाली तर तोंडात साखर घालू नका, थेट दवाखाना.

आजीचा_बटवा
झोपताना कपभर दूध द्यावं.

मंदार_के
काकू, ते डॉक्टरांना विचारून.

शिरीष_सातारा
सेन्सरचं बहिणीला कळवलं. ऑकलंडकर, तरी एखादा नंबर असला तर व्यनि (खासगी निरोप) करा.